दत्तरावांची कचेरीची उर्दू

पाथरीच्या कचेरीत दत्तराव पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं प्रकरणं मांडणारे. माणूस टापटिपीचा, पण घरात तोंड उघडायचं ते भाकर वाढली का बघायला. निजामाच्या राजवटीत शिक्षण उर्दूत झालं, नोकरीही उर्दूतच लागली. पुढं राज्य गेलं, कचेरी मराठी झाली, आणि चाळिशी ओलांडलेल्या ह्या माणसानं पोरासोरांसारखी मराठी बाराखडी घोटली. एवढ्या वयात कुठं डोकं वळतं का, असं लोक म्हणायचे. यांचं वळलं की. बायकोच्या कानावर मात्र त्यांनी उर्दूचा शब्द कधी पडू दिला नाही. कचेरीतलं कचेरीत. घरी मराठी, आणि तीही 'आगं, ऐकलं का' एवढ्यावर भागायची. धुरपताबाईला त्यांच्या तोंडून दुसरं नावच नव्हतं.

शहात्तर सालच्या पोळ्यानंतर दत्तरावांचं उजवं अंग गेलं, वाचाही बसली. परभणीचा डॉक्टर म्हणाला, "डोक्याच्या एका भागाला रक्त पोचलं नाही, तेवढा वाळला. पण मेंदू या वयातही नव्या वाटा काढतो, बाई. तुम्ही बोलत राहा."

झालं. धुरपताबाईनं ते मनावर घेतलं. उभ्या संसारात नवऱ्याशी बोलली नसंल तेवढं ती त्या हिवाळ्यात बोलली. ज्वारी कशी आली, म्हैस किती दूध द्यायली, कुणाच्या घरी पाळणा हलला. दत्तराव भिंतीकडं बघत पडायचे. एखाद्याला वीट आला असता. तिला दुसरं काही नको होतं. त्यांनी एकदा 'आगं' म्हणावं, म्हणजे मी कोण हे त्यांना कळतंय एवढं तरी समजंल, असं ती म्हणायची.

आणि वाचा आली. संक्रांतीच्या आसपास दत्तराव बोलायला लागले, पण सगळं उर्दूत. मराठीचा एक शब्द निघंना. बाजारातली बोली असती तर धुरपताबाईनं कसाबसा अर्थ लावला असता. ही होती कागदावरची, साहेबापुढची उर्दू. तिनं शेजारच्या रहीमबी मन्यारणीला हाक मारली.

"काय म्हणायलेत गं हे?"

रहीमबीचा जन्म बांगड्या भरण्यात गेला, कचेरीचं तिला काय ठाऊक? पण धुरपताबाईचं तोंड बघून ती म्हणाली, "जेवलीस का म्हणून इचारायलेत, अक्का."

जन्मात ह्या गृहस्थानं असलं काही विचारलं नव्हतं. आपल्याला आनंद व्हायला पाहिजे होता, हे धुरपताबाईला कळत होतं. झाला का, ते मात्र कळंना.

दुसऱ्या दिवशी ती रहीमबीच्या दारात गेली. "मला शिकव तुमची भाषा."

"या वयात?"

"त्यांनी न्हाई का शिकली मराठी?"

आधी आधी लय हाल झाले. सकाळी घोकलेले शब्द दुपारपर्यंत पार उडून जायचे. मग काही शब्द टिकायला लागले, आणि दिवसभर दत्तरावांचं ऐकून ऐकून कचेरीचेही कानात बसले. उन्हाळ्यात तर ती गिरणीवाल्या सितारामला म्हणाली, "आटा बारीक पीसिए." तो हसला. ही हसली नाही. मराठीत म्हणायला गेली होती आणि आपोआप तेच तोंडात आलं होतं.

त्याच सुमारास तिला नवऱ्याचं बोलणंही उलगडलं. ते जेवायचं विचारत नव्हते. अर्जदारांना सांगत होते, की बाहेर ओट्यावर बसा, साहेब दौऱ्यावर आहेत. रोज तेच. घरात, ती समोर असताना. रहीमबीला ती काही बोलली नाही. त्या बिचारीनं चांगल्या मनानंच केलं होतं. राग यायला पाहिजे होता, तो आला नाही. काहीच आलं नाही. भाकरी केल्या, भांडी घासली, अंथरूण झटकलं.

मग एक दिवस तिनं दत्तरावांना अंघोळ घातली, धुतलेला सदरा घातला आणि त्यांच्यासमोर बसली. रहीमबीकडून वाक्य पक्कं करून घेतलं होतं.

"मैं आपकी बीवी हूँ. धुरपता."

दत्तरावांनी भिंतीवरची नजर काढली आणि पहिल्यांदाच नीट तिच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना शब्द न् शब्द कळला होता. परक्या बाईशी बोलावं तसं ते अदबीनं बोलले.

"नहीं बाई. मेरी बीवी घर पे है. उसको उर्दू नहीं आती."

मग चालत्या डाव्या हातानं त्यांनी कोपऱ्यातली घोंगडी दाखवली. "आप तशरीफ रखिए."

"जी," धुरपताबाई म्हणाली, आणि त्यांनी दाखवलं तिथं जाऊन बसली.