सत्तावीस नंबरचा रिकामा रकाना

दृष्ट, बाधा, संकेत... यातलं काहीही मी आजवर मानलेलं नाही. माझा विश्वास याद्यांवर. घरात त्यावरून भरपूर चेष्टाही होते. तरी हे लिहितेय, कारण हा अनुभव माझ्या कुठल्याच यादीत बसत नाही.

वय त्रेपन्न, घर छत्रपती संभाजीनगरला, सिडकोत. गेली काही वर्षं मी दक्षिण सुदानमध्ये एका बालसंरक्षण संस्थेत होते. लढाईच्या पळापळीत आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांची नोंद करायची आणि त्यांची माणसं शोधायची, हे माझं काम. आमच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो — फक्त मुलाला आणि आईलाच ठाऊक असेल अशी एक खूण. कुणी "ही माझी लेक" म्हणत आलं, की तीच खूण विचारायची. जुळली नाही तर मूल द्यायचं नाही. तिथे मुलं पळवणारेही नातेवाईक बनून येतात.

यादीतली सत्तावीस नंबरची मुलगी जेमतेम पाच वर्षांची. एक शब्द बोलत नसे. दिवसभर माझ्या टेबलाखाली बसून पेनांची टोपणं रांगेत लावायची. रोज मी विचारायचे, रोज ती टोपणं लावायची. मग गोळीबार जवळ आला आणि आम्हा परदेशी लोकांना तासाभरात निघावं लागलं. सगळे फॉर्म मी तिथल्या सहकारी अचोलच्या हवाली केले. सत्तावीसचा शेवटचा रकाना रिकामाच राहिला.

मी घरी आल्यावर, जानेवारीत अचोलचा फोन आला. दोन बायका आल्या होत्या, दोघी म्हणत होत्या मुलगी माझी. "मॅडम, काही आठवतंय का?"

टोपणांच्या रांगा तेवढ्या आठवल्या, खूण एकही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बिडकीनजवळ भावाच्या शेतात गेले. खतासाठी त्यानं धनगरांच्या मेंढ्या बसवल्या होत्या. मी त्या मोजायला लागले तशी वहिनी हसली, "वन्सं, मेंढ्यांचीबी यादी करता का आता?" आणि चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात मेंढक्यांपैकी एक म्हातारी कळशी घेऊन आली. मी कळशी नळाखाली धरली. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "लेकरू बोलत नाय म्हून कशापायी झुरती? निजताना त्ये आईच्या कानाची पाळी धरतंय. डाव्या कानाची. फाटून दोन भाग झाल्यात तिचे."

"कुणाचं लेकरू, मावशी?"

"तुज्यापाशी व्हतं त्ये. बास, भरली कळशी."

या मुलीबद्दल मी घरात चकार शब्द काढला नव्हता — तसा नियमच आहे. बांधावर बसूनच अचोलला मेसेज केला. कुठून कळलं, ते लिहिलं नाही.

तिनं दोघींना वेगवेगळं बसवलं आणि विचारलं, मुलगी झोपताना काय करते? पहिली म्हणाली, गाणं म्हणायला लावते. दुसरीनं डोक्यावरचं फडकं बाजूला सारून कान दाखवला... डावी पाळी, फाटलेली. मुलीला आत आणलं. ती सरळ जाऊन त्या बाईच्या मांडीवर बसली आणि तो कान धरला. पुढे शेजाऱ्यांकडून, गावाकडून रीतसर खात्री झाली आणि मुलगी घरी गेली.

मी खूप डोकं चालवलं. कधी माझ्या मांडीवर झोपून तिनं माझाही कान धरला असेल, मी विसरले असेन... पण ती फाटलेली पाळी?

चार दिवसांनी पुन्हा शेतात गेले. म्हातारी तिथंच होती. दोनदा मोठ्यानं विचारलं, तर बोळकं पसरून हसली. "मी? मी तर पानी मागितलं, बाई."

तिचा मुलगा म्हणाला, "आईला लई कमी ऐकू येतं, ताई. पानी मागन्यापल्याड ती कुनाशी बोलतच नाय."

अचोलकडे मी एकच गोष्ट मागितली — मुलीचा एक फोटो.

"नाही मॅडम. घरी गेलेल्या मुलाचा फोटो कुणालाही पाठवायचा नाही. तुम्हीच आमच्याकडून पाठ करून घेतलंय."

बरोबर आहे तिचं. हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही, आणि खरं तर आता ते शोधतही नाही. अचोल म्हणते, मुलगी हल्ली बोलते, दिवसभर बडबडते. तिचा आवाज कसा असेल... एवढंच मनात घोळत राहतं.