दादांची पिवळी नळी

जर्मनीत कोलोनजवळ वाळू उपसून झालेलं एक खोल तळं आहे. मराठी मंडळातले आम्ही पाच-सहा हौशी लोक तिथे डायव्हिंगला जातो. त्यातले सगळ्यात जुने म्हणजे दादा. वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे.

पाण्यात उतरण्याआधी जोडीदारांनी एकमेकांचं सामान हात लावून तपासायचं असतं. टाकी उघडली आहे का, पट्टे घट्ट आहेत का, आणि पिवळ्या नळीचा जादाचा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचा भाग, नीट चालतो का. एकाची हवा बंद पडली, तर त्याने जोडीदाराची ती पिवळी नळी तोंडात धरायची. कुणी जर्मन जोडीदार असता, तर मी बेधडक तपासलं असतं. पण त्या एप्रिलमध्ये माझे जोडीदार दादा होते, आणि त्यांच्या छातीवरची नळी ओढून बघायचा मला संकोच वाटला. ‘‘अगं, माझं काय तपासतेस!’’ ते हसले. मीही हसले.

अठरा मीटरवर, गारठलेल्या पाण्यात, माझ्या रेग्युलेटरमधून हवा भसाभसा सुटायला लागली. बघता बघता टाकी रिकामी होत आली. मी दादांची पिवळी नळी ओढून तोंडात धरली, श्वास घेतला, आणि घशात पाणी गेलं. रबरी माउथपीस माझ्या दातांत राहिला होता आणि रेग्युलेटर निखळून खाली लोंबत होता. माउथपीस बांधायची प्लास्टिकची पट्टीच तिथे नव्हती. उरलासुरला श्वास सोडत मी एकटी वर आले. काठावर बसून किती वेळ खोकत होते, मला आठवत नाही. दादा मागून सावकाश आले.

गणपतीच्या जेवणात तेच दादा चार लोकांना सांगत होते, ‘‘घाबरली हो ती. हाताला धरून वर आणलं मी तिला.’’

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तरी मी मुकाट्याने मोदक खाल्ला. त्या पट्टीबद्दल कुणालाच बोलले नाही. आत्ता बोलले, तर ते हसण्यावारी नेतील आणि घरी जाऊन गुपचूप दुरुस्त करतील. मला त्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडायचं होतं, तेही तळ्याच्या काठावर, पुराव्यासकट. हिवाळाभर मी बचावाचा कोर्स केला. ट्राममध्ये बसून त्या दिवशी म्हणायची वाक्यं घोकली.

वसंतात सगळे जमले. आखेनला पीएचडी करणारी एक नवी मुलगीही होती. मी म्हटलं, ‘‘दादा, आज तुमच्या जोडीला मी.’’ मग त्यांची पिवळी नळी उचलली आणि दोन बोटांनी माउथपीस ओढला. तो अलगद हातात आला. वर्ष उलटलं तरी पट्टी नव्हतीच.

‘‘गेल्या वर्षी पाण्याखाली हाच माझ्या दातांत राहिला होता,’’ मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. ‘‘मी घाबरले नव्हते.’’

‘‘अगं, करायचंच होतं ते. राहून गेलं.’’

‘‘गेनाऊ, अगदी बरोबर. राहून गेलं.’’

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला इतकं गोड वाटलं, की आजही ते आठवून बरं वाटतं.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, ‘‘ताई, मागच्या रविवारी मी दादांबरोबर उतरले होते. वीस मीटर.’’

तिने माझ्या हातातल्या माउथपीसकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘तुम्हाला वर्षभर माहीत होतं?’’

दादांनी तिथल्या तिथे हात जोडून तिची माफी मागितली, मग माझीही. मी कुणाचीच मागितली नाही. माफी मागायची पाळी माझी आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. तो माउथपीस मी अजून मुठीत धरून उभी होते.

आता ती मुलगी दादांच्याच जोडीने उतरते. दर वेळी त्यांची पिवळी नळी ओढून, चावून बघते, आणि ते मुकाट्याने उभे राहतात. माझ्या जोडीला मात्र ती येत नाही.