भाषणातली कबड्डीवाली मुलगी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण हल्ली माझाच आवाज ऐकला की मला किळस येते — विशेषतः माइकवरचा.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारा. नाशिकमध्ये इंदिरानगरला माझं सेंटर आहे. डोक्याला मार लागून ज्यांची नजर बिघडते, त्यांच्याकडून मी डोळ्यांचे व्यायाम करून घेतो. ही माणसं तक्त्यावरची शेवटची ओळही वाचतात, पण पुस्तक धरलं की अक्षरं दोन-दोन दिसतात, डोकं ठणकतं. घरचे म्हणतात, सोंग आहे. म्हणून प्रत्येक भाषणात मी एक गोष्ट सांगतो — सिन्नरची एक मुलगी, कबड्डी खेळताना डोक्यावर पडलेली. तिच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता, मी ठेवला. ती बरी झाली, नर्स झाली. इथे मी थोडा थांबतो. टाळ्या पडतात.

मुलगी खरी आहे. बाकी — सांगतो.

तेव्हा मी नवखा होतो. बाजाराच्या दिवशी सिन्नरच्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला जायचो. ती वडिलांबरोबर आली. भुवईवर ताजे टाके, बारावीचं वर्ष.

"नर्स व्हायचं म्हणती, अन् पुस्तक धरलं की हिचं डोकं दुखतंय," वडील म्हणाले. "खरं हाय का नाटकं, तेवढं सांगा डॉक्टरसाहेब."

तक्ता तिने घडाघडा वाचला. मग मी पेनाचं टोक हळूहळू तिच्या नाकाजवळ नेलं. दोन्ही डोळे आत वळायला हवेत ना? उजवा मध्येच सुटला, बाहेर सरकला. "दोन दिसतंय," ती पुटपुटली.

मला दिसलं होतं. स्वच्छ दिसलं होतं. पण पुढे काय करायचं ते येत नव्हतं, आणि 'मला जमत नाही, नाशिकला दाखवा' एवढं म्हणायला जीभ रेटली नाही. डॉक्टरसाहेब होतो ना मी! म्हणालो, डोळे ठणठणीत आहेत. एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही. वर हसून म्हणालो, अभ्यासाचा कंटाळा आला की मुलांना असंच दिसतं. बाप हसला. ती खाली बघत राहिली.

परवा एक बाई मुलीला घेऊन सेंटरवर आल्या. मुलगी स्कूटीवरून पडली होती. बाईंच्या भुवईत जुना व्रण होता. त्यांनी मला ओळखलं नाही. तेव्हा मला दाट केस होते, आता टक्कल आहे.

"मोबाईलवर तुमचं भाषण पाह्यलं," त्या म्हणाल्या. "त्या कबड्डीवाल्या पोरीचं ऐकून लय रडले. मला बी तसंच झालं होतं. पण माझ्या डोळ्यांत काय नव्हतं, डॉक्टरांनीच सांगितलं. मग घरच्यांनी शाळा सोडवली, लग्न लावलं."

निदान परवा तरी खरं बोलायला काय झालं होतं मला? मी पेन काढलं, मुलीच्या नाकाजवळ नेलं. तिचाही डोळा सुटला. हे सोंग नाही, व्यायामाने सुधारेल, असं मी शांतपणे समजावलं. किती गोड बोलतो मी! बाईंनी पदराने डोळे टिपले.

"ती पोरगी आता कुठं हाय, सर?"

"नाशिक रोडला," मी म्हणालो. "नर्स आहे."

"चांगलं झालं बाई तिचं," त्या म्हणाल्या, आणि मुलीला माझ्या पाया पडायला पुढे केलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.