आधी मावशींना विचारा

आमच्या भागात मोठा आजार निघाला की पेशंटला डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसवतात. "आई, तू चहा घे," म्हणतात आणि मुलगा, जावई, चुलते सगळे आत येऊन डॉक्टरांना गाठतात. "तिला काही सांगू नका बरं का!" डॉक्टरही मान डोलावतात. नर्सची नोकरी करताना हे बघून माझं डोकं फिरायचं. आता मी दवाखान्यांत जाऊन हेच शिकवते: दुखणं बरं होणार नसेल, तर पुढं काय करायचं, कुठं राहायचं, हे ज्याचं दुखणं आहे त्याला विचारा.

घनसावंगीच्या एका दवाखान्यात सकाळी सराव चालला होता. मी झाले पेशंट, एक सिस्टर झाली माझी मुलगी. तिथले तरुण डॉक्टर माझ्यासमोर बसले आणि विचारलं मुलीला, "जेवतात का या?"

"अहो, मी मेले नाही अजून! मला विचारा की!"

सगळे खो खो हसले. डॉक्टर लाजले आणि पाठ केलेलं बोलले, "पुढील काळजीविषयी आपल्या काय अपेक्षा आहेत?" मी हातच जोडले. "डॉक्टर, नोकरीची मुलाखत आहे का ही? घरच्या माणसाशी बोलता तसं बोला ना."

दुपारी खराखुरा प्रसंग आला. पोटाचा कॅन्सर झालेल्या एका मावशींना मोठ्या दवाखान्यानं आता इलाज नाही म्हणून परत पाठवलं होतं. त्यांना बाहेर बसवून मुलगा आत आला. "आईला बिलकुल कळू देऊ नका, खचून जाईल."

"मी होऊन काही सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण त्यांना काय वाटतं, एवढं विचारू द्या. तुम्ही जवळच बसा."

मावशींना आत आणलं. डॉक्टरांनी स्टूल त्यांच्यापुढं ओढलं. "मावशी, या दुखण्याचं तुम्हाला काय वाटतं?"

"वाटायचं काय? हे आता बरं व्हत न्हाई. पोरगा लपवून राह्यला, मंग मी बी गप."

मुलगा रडायलाच लागला. डॉक्टरांनी त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला आणि मावशींकडं वळले. "मग आता कुठं राहावं वाटतं?"

"लेकीकडं. अंकुशनगरला."

मुलाचं रडणं तिथंच थांबलं. "लेकीच्या घरी? मी मेलो का? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं, विचारू नका. पण अशा वेळी गप्प बसायचं, हे मीच शिकवते ना! बसले दात आवळून. डॉक्टरांनी मावशींनाच विचारलं, "लेकीकडंच का, मावशी?"

त्या पदर चाचपत राहिल्या. "सून चांगली हाये, तिला नाव न्हाई ठेवायचं. पण कपडे खराब झाले की तिला सांगायची लाज वाटते. तशीच पडून राहते मी. लेकीला म्हणता येतं, ये गं, पुस."

 मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी खिडकीकडं तोंड केलं.

मग त्यानं मोबाईल काढून बहिणीच्या नवऱ्याला फोन लावला. "दाजी, आईला घेऊन येतो. आता तुमच्याकडंच ठेवायची, शेवटपर्यंत." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "अन् मला बी एक खाट टाका."

मावशी फोनकडं वाकल्या. "जावईबापू, त्याची खाट माह्याजवळच टाका. लई रडून राह्यला तो."