मिस्टर डॉयल काय म्हणाले

"हे वाक्य इथे बोलायचं नाही," डॉ. हुदा म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

डॉ. हुदा आमच्या ट्रेनिंग सेंटरच्या प्रमुख. मूळच्या सुदानमधल्या खार्टूमच्या, बोलणं मोजकं. त्या कागदावर परीक्षेतल्या एका पेशंटचे संवाद होते. नको असलेलं वाक्य असं होतं: "मला कायद्यानं मिळणारं मरण हवं आहे. तुम्ही त्याची व्यवस्था कराल का?" परीक्षा कॅनडाची होती आणि ती दोह्यात व्हायची होती. सगळी अडचण एवढ्यातच होती.

आधी माझं काम सांगते. मी नाशिकची, पेशानं नर्स. दोह्यात एका सिम्युलेशन लॅबमध्ये शिकवते. सिम्युलेशन म्हणजे खोट्या पेशंटवर खरा सराव. पलंगावर माणसाएवढा पुतळा असतो. त्याला मॅनिकिन म्हणतात. त्याची छाती वरखाली होते, नाडी लागते, पापण्या मिटतात. बोलत मात्र मी असते. एकतर्फी काचेमागे कंट्रोल रूममध्ये बसून मी माइकवर बोलते आणि माझा आवाज मशिनमधून जाड होऊन पुतळ्याच्या तोंडून बाहेर पडतो. या नोकरीत मी असंख्य वेळा आजारी पडले आहे, बाळंत झाले आहे आणि मेलेही आहे.

तेव्हा वर्ल्ड कप तोंडावर आला होता. गर्दीत चेंगराचेंगरी झाली तर काय करायचं, याच्या ड्रिल आमच्याकडे सतत चालत. जखमींचं सोंग घेतलेले स्वयंसेवक अंगाला लाल रंग फासून कॉरिडॉरमध्ये बिर्याणी खात बसलेले असत. त्या धांदलीत कॅनडातल्या एका प्रांताची टीम आली.

त्यांची गरज साधी होती. त्यांना नर्स हव्या होत्या. लहान गावांतल्या हॉस्पिटलांची इमर्जन्सी नर्स नाहीत म्हणून शनिवार-रविवार बंद राहू लागली होती. दुसरीकडे, बाहेरच्या देशांत शिकून आलेल्या नर्स लायसन्सची वाट पाहत त्याच गावांतल्या दुकानांत काउंटर सांभाळत होत्या. यावर तिकडे रोज पेपरात वाद चाले. म्हणून या प्रांतानं ठरवलं, परीक्षा इथेच येऊन घ्यायची. पास होईल तिनं लायसन्स घेऊनच विमानात बसायचं.

टीममध्ये परीक्षक दोन. जुडिथ एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलची नर्सिंग मॅनेजर. वय साठीकडे, पायात नेहमी ड्यूटीचे बूट. कॉलिन लायसन्स देणाऱ्या संस्थेकडून आलेला. सडपातळ, शांत, प्रत्येक सूचना दोनदा वाचणारा.

ज्या वाक्यावर डॉ. हुदांनी बोट ठेवलं होतं, त्याचा संदर्भ असा. कॅनडात काही अटींवर, तपासण्या झाल्यावर, डॉक्टरांच्या मदतीनं मरण मागता येतं. तो कायदा किती सैल असावा, कोणाला लागू व्हावा, यावर तिकडे घराघरात दोन तट आहेत. कतारमध्ये तो गुन्हा आहे. आमच्या वॉर्डात असं कोणी बोललं तर मानसोपचारतज्ज्ञांना बोलावतात आणि विषय तिथे थांबतो.

कॉलिनचं म्हणणं होतं की हा प्रसंग वगळता येणार नाही, तिकडच्या उमेदवारांना असतो तोच इथेही हवा. डॉ. हुदांचं म्हणणं होतं की त्यांच्या छताखाली या गोष्टीचं शिक्षण दिलं असं कोणी म्हणता कामा नये. दोघांचंही बरोबर होतं. मी एवढंच सुचवलं, की पेशंट कायद्याच्या भाषेत बोलतच नाहीत. ते म्हणतात, आता पुरे झालं. मी तसंच बोलीन. नर्सला जे ऐकू यायला हवं ते ऐकू येईल.

मी वाक्य बदलून दिलं. "मला आता हे संपवायचं आहे, सिस्टर. तुम्ही लोक त्यात मदत करता ना?" डॉ. हुदांनी ते वाचलं. "थकलेला म्हातारा कुठेही असं बोलतो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही. खलास, चालेल." खलास म्हणजे अरबीत 'झालं, मिटलं'.

पेशंटचं नाव मिस्टर डॉयल. वय झालेला मच्छीमार, फुप्फुसं निकामी होत आलेली, बायको गेलेली, घरी एकटा. नर्सनं काय करायला हवं, तेही ठरलेलं होतं. त्याचं ऐकून घ्यायचं. त्याला मरणाकडे ढकलायचं नाही आणि गप्पही करायचं नाही. स्वतःच्या श्रद्धेत बसत नसेल तर त्या कामातून बाजूला राहण्याचा हक्क नर्सला आहे. पण पेशंटनं काय मागितलं, हे डॉक्टरांपर्यंत पोचवलंच पाहिजे. हा शेवटचा मुद्दा क्रिटिकल होता. क्रिटिकल म्हणजे तो चुकला की बाकी सगळं उत्तम असूनही त्या प्रसंगात नापास.

उमेदवारांत शुभांगी होती. मिरजेची, दोह्यातल्या एका हॉस्पिटलात आयसीयूची सीनियर नर्स. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात आम्ही शेजारी राहायचो. तिचा नवरा संतोष स्टेडियमच्या कामावर होता, त्याचं कॉन्ट्रॅक्ट वर्ल्ड कपबरोबर संपणार होतं. मुलगी इथेच वाढलेली. आई मराठीत बोले, ती इंग्लिशमध्ये उत्तर देई. संतोषची नोकरी गेल्यावर घर शुभांगीच्या व्हिसावर, तिच्या एकटीच्या जिवावर चालणार होतं, आणि मुलीच्या कॉलेजचा प्रश्न होताच. म्हणून त्यांनी कॅनडाचं मनावर घेतलं होतं. ओळख असल्याचं मी आधीच कळवलं. कॉलिन म्हणाला, चालेल, मार्क तुम्ही द्यायचे नाहीत, फक्त पेशंट व्हायचं.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून मिस्टर डॉयल होते. बहुतेक जणी मी ते वाक्य बोलले की दचकायच्या. "असं बोलू नका," "देव आहे," "तुम्ही नक्की बरे व्हाल." एकीनं तर माझा ऑक्सिजन वाढवला आणि ती दुसऱ्या पलंगाकडे निघून गेली. दुसरा पलंग रिकामा होता.

शुभांगी आली. तिनं आधी पलंगाची उशाकडची बाजू वर केली, मास्क नीट बसवला, आणि खुर्ची ओढून बसली. तोपर्यंत कोणी बसलं नव्हतं. मी ठरलेलं बोलले. ती दचकली नाही. तिनं विचारलं, "मिस्टर डॉयल, दिवसातला कुठला वेळ सगळ्यात अवघड जातो?"

याचं उत्तर माझ्याकडे लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, "सकाळ. उठून चहापर्यंत पोचायला दम लागतो. आणि पोचून काय, बोलायला कोणी नाही."

ती त्यावर बोलत राहिली. घरी कोण येतं, जिना किती, श्वास अडकतो तेव्हा भीती वाटते का. मी दहा-बारा उत्तरं तिथल्या तिथे रचली. काचेच्या या बाजूला जुडिथनं पेन खाली ठेवलं होतं आणि ती फक्त बघत होती. मग मला स्क्रिप्टवर यावं लागलं. मी पुन्हा म्हणाले, "सिस्टर, मी विचारलं त्याचं काय? मला हे संपवायचं आहे."

शुभांगीनं मास्कची पट्टी पुन्हा नीट केली. मग म्हणाली, "ते मी करू शकणार नाही. पण तुम्हाला होणारा त्रास मी डॉक्टरांना सांगते."

तिनं भिंतीवरचा फोन उचलला. पलीकडे डॉक्टर म्हणून आमचाच एक सहकारी होता. तिनं श्वास सांगितला, भीती सांगितली, सकाळचा दम सांगितला, एकटेपणा सांगितला, घरी नर्स पाठवता येईल का तेही विचारलं. मिस्टर डॉयलनं दोनदा मागितलेली गोष्ट सांगितली नाही. फोन ठेवला. वेळ संपली.

परीक्षकांची चर्चा लगेच सुरू झाली.

"ही मला हवी आहे," जुडिथ म्हणाली. "आज सकाळपासून पहिलीच, जिनं त्या माणसाला माणूस समजून विचारलं. आमच्याकडे लोक हे मागतात ते का मागतात, माहीत आहे? घरी कोणी येत नाही म्हणून. नर्स मिळत नाही म्हणून. तिनं नर्सच मागितली त्याच्यासाठी. याहून बरोबर उत्तर कुठलं?"

कॉलिननं मान डोलावली. तो म्हणाला, ते सगळं खरं, पण त्या माणसानं दोनदा विचारलं आणि तिनं ते स्वतःपाशी ठेवलं. त्याचं मागणं योग्य की अयोग्य हे तिनं एकटीनं ठरवलं. जुडिथ म्हणाली, कायदाच इतका सैल करून ठेवला आहे, मग कोणीतरी जरा सबुरीनं घ्यायला नको का.

"माझ्या आईनं विचारलं होतं," कॉलिन म्हणाला. "नर्स फार प्रेमळ होती. तिनं उशी सारखी केली आणि विषय बदलला. आई परत कोणाशी त्यावर बोलली नाही. ती काय मागत होती ते आम्हाला ती गेल्यावर कळलं. कदाचित आम्ही तिला थांबवलं असतं. कदाचित नसतं. पण आमच्याशी बोलायची संधी तिची होती, नर्सची नव्हती."

जुडिथनं त्याच्या दंडावर हात ठेवला, पण मत बदललं नाही. मग कॉलिन माझ्याकडे वळला. सिम्युलेशनमध्ये एक पद्धत आहे: पेशंट झालेल्या माणसाला विचारतात, ही नर्स तुम्हाला उद्या परत हवी का? त्याला मार्क नसतात. ओळखीमुळे मी टाळू शकले असते. पण तिथे मिस्टर डॉयलला विचारत होते आणि मिस्टर डॉयल तिला ओळखत नव्हता.

"हवी," मी म्हणाले. "उद्याही आणि परवाही. पण मला जे सांगायचं होतं ते उद्या पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल."

त्या प्रसंगात शुभांगी नापास झाली. बाकी सगळ्यांत तिला उत्तम मार्क होते, म्हणून तेवढा एक प्रसंग टीम परत जाण्याआधी पुन्हा देता येणार होता. जुडिथनं तेवढं भांडून मिळवलं.

निकाल कळल्यावर संध्याकाळी ती माझ्या घरी आली. माझ्यावर चिडलेली नव्हती. परीक्षकांशी काय बोलणं झालं हे मी तिला सांगू शकत नव्हते आणि तिनं विचारलंही नाही. ती चहा न घेता बसून राहिली.

"ताई, मी विसरले नव्हते," ती म्हणाली. "फोन हातात होता तेव्हा ते वाक्य ओठांवर होतं. पण इथे सांगितलं तर काय होतं? सायकियाट्रिस्ट येतो. तिकडे सांगितलं तर ते खरंच घडतं ना? मग ते माझ्या तोंडून सुरू झालं, असं नाही का?"

मिरजेत आणि दोह्यात मिळून तिनं आयसीयूमध्ये लोकांना फक्त मरणाच्या दारातून ओढून आणायचं काम केलं होतं. मी तिला तिकडची पद्धत समजावली. एका फोननं काही होत नाही. दोन वेगवेगळे तज्ज्ञ पेशंटला तपासतात, दुसरे उपाय सांगितले जातात, पेशंट कधीही नाही म्हणू शकतो. अनेकदा निरोप पोचल्यामुळेच कोणीतरी विचारायला येतं आणि घरी मदत सुरू होते. तू बाजूला राहा, तो तुझा हक्क आहे, पण निरोप त्याचा आहे.

"आणि तरी त्यानं तेच ठरवलं तर?"

"तर त्यानं ठरवलं," मी म्हणाले.

तेवढ्यात संतोषचा फोन आला. स्टेडियमभोवतीचे रस्ते बंद केले होते, तो अल थुमामाला अडकला होता. ती उठली आणि मुलीला घ्यायला गेली.

दुसऱ्यांदा तो प्रसंग देताना माझ्याऐवजी दुसऱ्या सहकाऱ्यानं आवाज दिला. मी काचेमागे उभी होते. शुभांगी पुन्हा बसली, पुन्हा सगळं विचारलं. फोनवर शेवटी म्हणाली, "डॉक्टर, पेशंटला हे संपवायचं आहे. त्यानं मदत मागितली आहे. मी यात सहभागी होऊ शकणार नाही, दुसरी नर्स लागेल. पण तुम्ही आजच त्याच्याशी बोला." फोन ठेवून ती परत मिस्टर डॉयलपाशी जाऊन बसली. कॉलिननं ते पाहिलं. तसं बसण्याला मार्क नव्हते. ती पास झाली.

तिच्या हॉस्पिटलनं वर्ल्ड कप संपेपर्यंत कोणाला सोडलं नाही. त्यानंतर ती तिघं गेली, जुडिथच्याच गावी. पुढच्या हिवाळ्यात शुभांगीनं फोनवर सांगितलं की तिच्या वॉर्डात दोघांनी तसं मागितलं. दोन्ही निरोप तिनं पोचवले. एका बाईला घरी ऑक्सिजन आणि रोज येणारी मदतनीस मिळाली. त्या बाईनं पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्या माणसानं आपलं म्हणणं बदललं नाही. त्याच्या मरणाच्या ठरलेल्या दिवशी शुभांगीची ड्यूटी दुसऱ्या नर्सनं केली. शुभांगी घरी बसून राहिली, स्वयंपाकही केला नाही. त्या दोघांबद्दल ती सारख्याच आवाजात बोलत होती. इमर्जन्सी आता महिन्यातला एखादाच शनिवार बंद असते, असंही तिनं सांगितलं.

कॅनडातला वाद अजून चालू आहे. कोणाचं बरोबर, हे मला विचारू नका. माझा विषय तेवढा मोठा नाही. मी विद्यार्थिनींना एवढंच शिकवते, की पेशंटचं बोलणं पुढे पोचवताना आपल्याला न आवडलेलं वाक्य गाळायचं नाही. त्याचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. झोप मात्र निरोप गाळणारीची आणि पोचवणारीची, दोघींचीही उडते, ते कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत.