बाहुलीघरातली आजी

इथे अमेरिकेत लेकीच्या शाळेत मी लायब्ररीत व्हॉलंटियर करते. शेजारच्या खोलीत एक प्ले थेरपिस्ट, खेळातून मुलांना मोकळं करणारी, मेक्सिकन घरांतल्या मुलांसोबत जमिनीवर फतकल मारून बसते. तिचं नाव मला ठाऊक नाही. तिच्याकडे येणारी एक चिमुरडी बोलायचीच नाही. तिथल्या बाहुलीघरातल्या आईबाबांना, दोन मुलांना हातही लावायची नाही.

एकदा बघते तर थेरपिस्ट चिंध्यांची आजी शिवत होती. मामा, मावश्या शिवून तयार होते.

"चुकलंच माझं," दातांनी दोरा तोडत ती म्हणाली. "एवढ्या ओसाड घरात पोर खेळणार कशी?"

पुढच्या वेळी त्या पोरीने सगळ्यांना एकाच खोलीत कोंबलं आणि स्पॅनिशमध्ये मोठ्यांदा जेवायला हाका मारल्या.

घरी लेकीच्या बाहुलीघरातही चौघंच होती. मी आईची जुनी सुती साडी काढली आणि सुई शोधायला लागले.