डॉक्टरपाद्री आणि माझा दुसरा बाप्तिस्मा

डॉक्टरपाद्री चिडले की जर्मनीत शिकलेलं सगळं बाजूला राही आणि तोंडातून थेट वडवणीकडची गावरान बोली बाहेर पडे. "कावून? त्यांचा येशू येगळा हाय का?" आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजून वीस-बावीस, आणि मंडळ्या, म्हणजे चर्च, तीन. आमची लूथरन, दुसरी कॅथलिक, आणि तिसरी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्यांची. एकमेकांच्या मयतीला सगळे जात, पण प्रार्थना सुरू झाली की बाहेर उभे राहत. हे पाहिलं की डॉक्टरपाद्रींच्या कपाळाची शीर ताडताड उडे.

ते ईश्वरज्ञानाचे डॉक्टर. पण दारावरची पाटी वाचून बाजाराच्या दिवशी बाया तापलेली लेकरं घेऊन येत. "मी सुईचा डॉक्टर न्हाई, माय," असं ओरडत ते स्कूटर काढत आणि मायलेकरांना दवाखान्यात पोचवून येत.

लूथरन आणि कॅथलिक यांची शेकडो वर्षांची भांडणं मिटावीत म्हणून त्यांनी अर्धी हयात परिषदांत घालवली. गावी परतल्यावर तेच काम त्यांनी स्वतःच्या ओट्यावर मांडलं. दर सोमवारी तिन्ही मंडळ्यांचे लोक तिथे बसत. नियम एकच होता. आधी दुसऱ्याचं म्हणणं असं सांगायचं, की त्यानं स्वतः "हो, हेच" म्हणावं. हरकत त्यानंतर. भलेभले तिथे अडकत. बरेच जण पुढच्या सोमवारी येतच नसत. डॉक्टरपाद्री मात्र सतरंजी अंथरून बसलेले असत.

माझं लग्न तिसऱ्या मंडळीतल्या मुलाशी ठरलं. त्यांच्या पाळकांचा निरोप आला, "मुलीचा बाप्तिस्मा तान्हेपणी, पाणी शिंपडून झालाय. तो आम्ही धरत नाही. पुन्हा घ्यावा लागेल." माझे वडील कबूल झाले. त्याच संध्याकाळी डॉक्टरपाद्री घरी आले. चहाला हात लावला नाही.

"ह्या पोरीला बाप्तिस्मा मी दिलाय. पित्याच्या, पुत्राच्या अन् पवित्र आत्म्याच्या नावानं. काय कमी पडलं त्यात? पाणी?"

"तुमचं खरं हाय, साहेब," वडील म्हणाले. "पण लगीन मोडंल."

ते माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतं?"

मला सगळं कळत होतं. त्या ओट्यावरच तर मी लहानाची मोठी झाले होते. तरी मी मान खाली घातली. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

पालीच्या धरणावर मला बुडवलं. नाकातोंडात पाणी गेलं. लोकांनी 'हालेलुया' म्हटलं. वर आले तर काठावर डॉक्टरपाद्री उभे. हातात कोरडा टॉवेल. तो माझ्या खांद्यावर टाकून म्हणाले, "तुझ्यावर राग न्हाई, पोरी. पण हे चूक हाय, अन् मी मरंस्तोवर चूकच म्हणणार." आणि तसं ते म्हणत राहिले, त्याच पाळकांच्या तोंडावर, भर बाजारात.

गेल्या वर्षी ते गेले. शोकसभेला तिन्ही मंडळ्या जमल्या. ते हयात असताना त्यांच्या ओट्याकडे न फिरकलेली माणसं व्यासपीठावर हार घालून घेत होती. मला बुडवणाऱ्या पाळकांनी माईक धरला आणि गहिवरून म्हणाले, "त्यांनी आपल्याला एक केलं."

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. "मग आत्ताच सांगा. त्यांनी मला दिलेला बाप्तिस्मा खरा होता का नव्हता?"

नवऱ्यानं माझा पदर ओढला, "बस की खाली." मी बसले नाही. तेवढ्यात कोणीतरी घाईघाईनं गीत सुरू केलं, आणि सगळे सुटल्यासारखे मोठमोठ्यानं गाऊ लागले.

दुसऱ्याच दिवशी मी पाळकांना अर्ज दिला, की मंडळीच्या वहीतला माझा दुसरा बाप्तिस्मा खोडावा, पहिला पुरेसा होता. उत्तर आलेलं नाही. दर रविवारी उपासना सुटली की पाळक दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवतात. मी हात देत नाही. विचारते, "अर्जाचं काय झालं?" ते हसून माझ्या मागच्या माणसाकडे वळतात.

मागच्या रविवारी मागे माझा नवरा होता. पाळकांनी हात पुढे केला. त्यानं आपला हात खिशातच ठेवला आणि म्हणाला, "तिला आधी उत्तर द्या."